हरलेल्या हाका

एका राज्यात मिठावर कर होता, मडक्यांवर कर होता, नदी ओलांडण्यावरही कर होता. फाशांवर मात्र नव्हता. फाशांवर राजभाग होता. कर देताना प्रजा कुरकुरते. राजभाग हरणाऱ्याच्या कनवटीतून जातो आणि हरणारा लाजेने गप्प बसतो. म्हणून राजा गंभीरसेनाला राजभाग फार आवडे.

नगराच्या मधोमध द्यूतशाळा होती. तिला खिडकी नव्हती. भर दुपारी आत समया तेवत. मालक होता जादूगार निळकर्ण. तो कोणाला बोलवायला जात नसे आणि कोणाला अडवतही नसे. दार सताड उघडे. नवख्याचा पहिला डाव राजाच्या खर्चाने व्हायचा. त्याला पाहुणडाव म्हणत, आणि पाहुणडाव आजवर कोणी हरला नव्हता.

हैबती हा त्या राज्याचा दवंडीवाला. सांज झाली की द्यूतशाळेतून जिंकणाऱ्यांची नावे घ्यायची आणि वेशीवेशीवर डफ वाजवून पुकारायची: "ऐका हो ऐका! तांबट आळीचा येसोबा आज जिंकला! मोहरांची थैली घेऊन घरी गेला!"

राजाच्या आजोबांनी कायदा घातला होता की दवंडीत पुकारले ते घडले आणि पुकारले नाही ते घडलेच नाही. लग्ने, तंटे, जमिनीच्या हद्दी, सगळे या एका कायद्यावर चाले. हरणाऱ्यांची दवंडी द्यायचा हुकूम मात्र कधी निघाला नाही. त्यामुळे त्या राज्यात कोणी कधी हरलेच नव्हते. ज्यांची घरे रिकामी होती ती आपोआप रिकामी झाली होती, असे दरबाराचे म्हणणे.

दुसऱ्यांची नावे पुकारता पुकारता हैबतीला एक दिवस स्वतःचे नाव पुकारावेसे वाटले. तो आत गेला, पाहुणडाव जिंकला, आणि डफावर थाप मारून स्वतःलाच पुकारत घरी आला. त्याची बायको गोजरा हसली. लेक चिमाने मोहरा ओंजळीत घेऊन वाजवून पाहिल्या. कोपऱ्यातल्या बाजेवरून म्हातारी आई म्हणाली, "हैबत्या, एवढं कशाला रे आणलंस?"

सूर्य कलला तशा मोहरा कडेवर उभ्या राहिल्या. एकामागून एक घरंगळत त्या उंबरा ओलांडून गल्लीत उतरल्या आणि शाळेकडे निघाल्या. शाळेचे सोने बाहेर मुक्काम करत नसे. हैबती त्यांच्यामागे धावला. मोहरा दारातून आत गेल्या, तोही गेला.

मग तो रोजच जाऊ लागला.

"हंडा कुठाय?" गोजराने विचारले.

"कल्हईला दिलाय."

"आणि गाय? तीही कल्हईला?"

हैबतीने डफ उचलला आणि बाहेर पडला. हरलेला हंडा परत आणायचा तर तो शाळेतूनच आणावा लागणार, हा हिशेब त्याला इतका सरळ वाटे की गोजराला तो का कळत नाही याचेच त्याला नवल वाटे. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसने आणले, तेही गेले. चिमाच्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या गेल्या. शेवटी तो पटासमोर रिकाम्या हाताने बसला.

निळकर्णाने फासे झग्याला पुसले. "घरात तुला हाक मारणारं कोण कोण आहे?"

"आई, बायको, लेक."

"तीन हाका! आणि कंगाल म्हणून बसलास? श्रीमंत आहेस की."

हैबतीने आईची हाक पणाला लावली. दान उलटे पडले. निळकर्णाने टाळी वाजवली, तशी हवेतून एक मैना उतरली आणि भिंतीवरच्या पिंजऱ्यात जाऊन बसली. त्या भिंतीवर असे पिंजरेच पिंजरे होते. कुठली मैना म्हणे, "अहो, पान वाढलंय." कुठली म्हणे, "दादा, मलाही ने ना." हैबतीला सगळ्या मैना ऐकू येत होत्या. आईची मैना तेवढी चोच उघडायची, मिटायची, पण त्याला आवाज येत नसे. तिच्या सोबतीला चिमाची मैना आली आणि मग गोजराची.

घरी तिघींचे ओठ हलत. अंगणात कावळे ओरडत, शेजारच्या घरात पाटा-वरवंटा वाजे, गल्लीतले भांडण शब्दन्‌शब्द कळे. फक्त आपले घर मुके. गोजराला आधी वाटले, रुसलेत. मग वाटले, माजलेत. मग तिने चारचौघांना विचारले आणि तिला समजले. त्यानंतर ती त्याच्याकडे पाठ करून बोलू लागली. समोर काय अन्‌ पाठमोरं काय, त्याला सारखेच. चिमा त्याचा अंगरखा ओढून काही विचारी. तो हसून मान हलवी. एकदा मान हलवल्यावर ती रडायला लागली, आणि आपण कशाला हो म्हटले हे त्याला कधीच कळले नाही.

एका दुपारी दवंडीच्या मजुरीवर खेळताना त्याचे दैव फिरले. दान सुलटे पडले. गोजराची मैना पिंजऱ्यात फडफडली आणि तिचा आवाज खणखणीत आला: "अहो, उठा आता तिथून."

हैबतीने फासे खाली ठेवले. तो उठलाही.

"सुखाने जा," निळकर्ण म्हणाला. "बायकोची हाक घेऊन जा. लेकीची राहू दे इथेच. नाही तर एकच डाव. बायकोची लाव, दोन्ही ने."

दार उघडे होते. बाहेर उन्हात एक म्हातारा भाजी विकत होता, तो इथूनही दिसत होता. हैबती खाली बसला.

दान उलटे पडले. मैना बोलायची थांबली.

आई आजारी पडली ती थंडीच्या दिवसांत. बाजेवर पडून ती त्याच्याकडे पाहून काही बोले, पुन्हा बोले. तो तिचा हात धरून समजल्यासारखी मान हलवत राही. तो असाच बसलेला असताना ती गेली. शेजारच्या मथाकाकूंनी विचारले, "शेवटी काय म्हणाली रे म्हातारी तुला?" हैबतीला सांगता येईना. गोजराने ऐकले होते. पण तिचा शब्द त्याला ऐकू जात नसे, आणि दुसऱ्याच्या तोंडून तिने तो पाठवलाही नाही.

दहावा-बारावा उरकल्यावर तो पुन्हा शाळेत गेला. खेळायला काही नव्हते. मुक्या घरापेक्षा तिथे दुसऱ्यांच्या हाका तरी कानावर पडत. भिंतीपाशी पोचतो तोच आईची मैना बोलली.

"हैबत्या."

"आई?"

"आई नव्हे. मी तिची हाक. हाक मारणारी गेली, आता मी कोणाच्या पणात नाही. म्हणून तुला ऐकू येते."

"शेवटी ती काय म्हणाली?"

"'दार लाव रे, वारा लागतोय.' तीनदा म्हणाली."

हैबती भिंतीला टेकून खाली बसला. पटावर फासे खुळखुळत होते. त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. तिथे कोणी कोणाकडे पाहत नसे.

"त्या दोघींच्या हाका कशा सुटतील?" त्याने विचारले.

"जिंकून नाही. तीन वेशींवर तीन दवंड्या दे. पहिलीत सांग काय हरलास. दुसरीत सांग कोणाचं हरलास. तिसरीत सांग, कोणाच्या हुकमाने."

"तिसरीला जीभ छाटतील."

"छाटतील कदाचित," मैना म्हणाली.

पहिली दवंडी त्याने बाजारवेशीवर दिली. डफ वाजला तसे लोक जमले, कारण डफ वाजला म्हणजे कोणी तरी जिंकले. "ऐका हो ऐका! हैबती दवंडीवाला हरला! हंडा हरला, गाय हरला, पाटल्या हरला! हाका हरला!"

"अरे, चढलीय काय तुला?" एकाने विचारले. लोक हसले. पण दवंडी झाली होती. म्हणजे हरणे घडले होते. राज्यात पहिल्यांदाच. त्याच घटकेला शाळेतल्या समया विझल्या.

दुसरी नदीवेशीवर. ही जड गेली. वस्तूंची नावे तोंडातून निघतात. माणसांची निघता निघत नाहीत. "हंडा गोजराच्या माहेरचा! गाय चिमाच्या दुधाची! उसने मथाकाकूंचे, त्यांनी औषधासाठी ठेवलेले!" गर्दीच्या कडेला गोजरा उभी होती. तिचे ओठ हलले. शाप होता की शिवी, त्याला कळले नाही. त्याच घटकेला पिंजऱ्यांच्या कड्या निखळल्या. पण मैना उडेनात.

तिसरी राजवाड्याच्या वेशीवर. तिथे गर्दी मागेच थांबली. हैबती एकटा पुढे गेला. डफावर थाप मारली ती त्याला स्वतःलाच दुसऱ्या कोणाची वाटली.

"ऐका हो ऐका! पाहुणडावाचे पैसे राजाचे! हरण्यातला भाग राजाचा! जिंकणाऱ्यांचीच नावे पुकारा, हा हुकूम राजाचा! हे सगळे राजा गंभीरसेनाच्या हुकमाने झाले, आणि तो हुकूम इतकी वर्षे मी माझ्या तोंडाने पोचवला!"

राजा सज्जात आला. "दवंडी मागे घे."

"दवंडी मागे घेता येत नाही, महाराज. आपल्याच आजोबांचा कायदा."

"मग हा वेडा झालाय, अशी दवंडी द्या."

"द्यावी महाराजांनी. डफ माझ्याकडे आहे."

शिपाई पुढे सरसावले. तेवढ्यात मागून तांबट आळीचा येसोबा ओरडला, "माझंही नाव घाल, हैबती! जिंकलो तेव्हा पुकारलंस. हरलो तेही पुकार!" एक कुंभारीण ओरडली, "माझ्या धन्याचं घाल!" मग नावांची झुंबड उडाली. शिपायांतलाच एक भाला खाली ठेवून हळूच म्हणाला, "माझंही." हैबती घसा फुटेस्तोवर पुकारत राहिला आणि जे जे पुकारले ते ते घडलेले ठरले.

शाळेच्या दारातून मैनांचा थवा बाहेर पडला आणि घराघरावर उतरला. निळकर्णाच्या अंगात दुसऱ्यांच्या हाकांखेरीज काहीच नव्हते. त्या गेल्या, झगा जमिनीवर पडला. राजाने आश्चर्य व्यक्त केले. असे काही चालले होते याची आपल्याला कल्पना नव्हती, असे तो म्हणाला. पण त्याचा हुकूम आता दवंडीत होता, म्हणजे घडलेला होता. कायद्याने त्याला खजिना उघडावा लागला. ज्याचे त्याला परत गेले. राजभाग बंद झाला. शाळेच्या भिंती पाडल्या आणि तिथल्या जमिनीला कितीतरी वर्षांनी ऊन लागले.

हैबती घरी आला. कौलांवर दोन मैना बसल्या होत्या; त्याला पाहताच विरघळून गेल्या. तिसरी आली नाही.

"आबा!" चिमाने आतून हाक मारली आणि पळत आली. हैबतीने तिला उचलले. तिचा आवाज बदलला होता. मधल्या काळात ती मोठी झाली होती.

गोजरा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ऐकू येतंय म्हणे आता."

"येतंय."

"मग बसा तिथे."

तो पायरीवर बसला. आणि ती सांगू लागली. तो हसून मान हलवत होता त्या प्रत्येक वेळी आपण काय म्हणत होतो ते. ज्या दिवशी चूल पेटली नव्हती, त्या दिवशी आपण काय म्हणालो ते. पाठमोरी होऊन बोलली होती, ते तर मुद्दाम सावकाश. तिने एक शब्दही सौम्य केला नाही. तांदूळ निवडून झाले, चिमा तिच्या मांडीवर झोपली, तरी ती बोलतच होती.

हैबती खाली मान घालून ऐकत होता. मध्येच ती थांबली, तसे त्याने घाबरून वर पाहिले.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "बोल."