निनावी पाहुण्याचं बारसं

फार फार पूर्वी, शहाणी माणसं शब्दावरून भांडत बसायची (आता बसत नाहीत असं कोण म्हणतो?), तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात एक आत्याबाई होत्या. राजाची सख्खी आत्या. राजवाड्यात मूल जन्मलं की त्याच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचा. मोठ्यांना नावं ठेवायचं काम त्या मान नसतानाही करायच्या.

कोठारही त्यांच्याच हुकमात. राजाचे मेहुणे, मेहुण्यांचे मेहुणे, त्यांचे ओळखीचे असे फुकटे जेवून जायला लागले, तेव्हा बाईंनी नियम केला, "ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याला कोठारातून काही द्यायचं नाही." मेहुण्यांची नावं तर सगळ्यांनाच ठाऊक. ते जेवतच राहिले!

एकदा लांबच्या राजाकडून बैलगाडीतून एक भेट आली. लांब पाय, मुठीत मावेल अशी कंबर, पिवळ्या अंगावर काळे ठिपके आणि डोळ्यांवर चामड्याची टोपी. जनावराचा राखणदार वाटेतच तापानं पडला होता. गाडीवान बिचारा नवखा. त्यानं आपली भाकरी पुढे केली, तर जनावरानं हुंगून तोंड फिरवलं.

कोठावळा म्हणाला, "मटण आहे, पण नाव सांगा. मग न्या हवं तेवढं."

नाव कुणाला ठाऊक? कोतवाल म्हणाला, "बिबट्याच की हा!" शिकारी हसला. "बिबट्या असा सडपातळ असतो का? हा चित्ता." शास्त्रीबुवांनी शेंडीला गाठ मारली. "अशुद्ध! मूळ शब्द चित्रक. ज्याच्या अंगावर ठिपके, तो चित्रक." मुन्शीजी म्हणाले, "आमच्या फारसीत याला यूझ म्हणतात. तेच खानदानी." एक टोपीवाला साहेब पाहुणा आला होता, तोही उठला. "नो नो, चीटा!"

"अहो साहेब," शिकारी म्हणाला, "आमचाच शब्द नेलात, वाकडा करून परत आणलात, आणि वर आम्हालाच शिकवता?"

झालं! दरबारात पोथ्या निघाल्या. राजा आळीपाळीनं सगळ्यांना मान डोलावू लागला. सकाळ गेली, दुपार गेली. दुसरा दिवसही तसाच गेला.

आत्याबाईंना मांजराचं भारी भय. दुधाला आलेली मांजर दिसली तरी त्या हातात केरसुणी घेऊन पाटावर चढायच्या. पण अंगणातून बारीक चिवचिव ऐकू आली, म्हणून त्या बघायला गेल्या. वाटलं, चिमणीचं पिल्लू पडलंय. बघतात तर एवढं मोठं जनावर चिमणीसारखं ओरडतंय! बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. मान उचलवत नव्हती. बाईंनी सवयीनं उगारलेली केरसुणी खाली गेली.

"अरे मेल्या, हे मरेल ना!" त्या कोठावळ्यावर कडाडल्या. "कुठल्या गाढवानं केला हा नियम?"

कोठावळा चाचरला. "बाईसाहेब... कसं सांगू? आपणच."

बाईंनी जीभ चावली. आयुष्यात पहिल्यांदा, असं म्हणतात. नियम मोडावा, तर उद्या सगळे हसणार. पाळावा, तर हे लेकरू जाणार. बरं, बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव कुणालाच बदलता येत नाही, राजालाही नाही. पण त्यासाठी तोंड कुठे न्यायला हवं होतं? त्या दाढांपाशी!

"बोलवा बायकांना," बाई म्हणाल्या. "बारसं आहे."

गाडीचाच पाळणा झाला. शास्त्रीबुवा पोथी घेऊन धावत आले. "थांबा! अजून अर्थ ठरायचाय! चुकीचं नाव पडलं तर?"

"शास्त्रीबुवा, चुकीच्या नावानं वाढलेलं अन्नसुद्धा पचतं. आणि चित्रक म्हणायला माझ्या तोंडात दात कुठे उरलेत? व्हा बाजूला."

बाईंनी डोळे गच्च मिटले, वाकल्या आणि त्या केसाळ कानात म्हणाल्या, "कुर्रर्र! चित्ता!"

रिवाजाप्रमाणे सुनांनी आत्याबाईंच्या पाठीत धपाटे घातले. जुने हिशेब होते, जरा जोरातच घातले. बाईंचं लक्षच नव्हतं. कारण आतून उत्तर आलं होतं, "घुर्रर्र..." अगदी चुलीपाशी बसलेल्या मांजरासारखं. मग खरखरीत जिभेनं त्यांचा गाल चाटला.

"मटण आणा!" बाई ओरडल्या. "माझा भाचा उपाशी आहे!"

चित्ता जेवला. बाई तिथेच बसून त्याला बघत राहिल्या. मग वेशीकडे बघत हळूच म्हणाल्या, "का रे, माझ्या नियमापायी अशी किती निनावी माणसं दारातून उपाशी गेली?"

कोठावळा बोटांवर मोजू लागला, पण बोटं पुरेनात.

"उद्यापासून आधी पान वाढायचं. नाव मागाहून."

"पण बाईसाहेब, फुकटे येतील!"

"येऊ देत. मेहुण्यांना पोसलं, तिथे दोन फुकटे जड नाहीत."

तिकडे दरबारात वाद चालूच होता. चित्त्याला त्याचं काय? तो जेवून झोपला होता.

तात्पर्य: दारी आलेल्याला आधी जेवू घाला. त्याचं नाव, गाव आणि नावाचा अर्थ ढेकर आल्यावर विचारला तरी चालतो.