भिवरेची पुरचुंडी

बोरखिंड गावाच्या ओढ्याकाठी, महादेवाच्या पडक्या देवळात केवळनाथ महाराज उतरले होते, तेव्हाची ही हकिगत. महाराजांपाशी ना मठ होता, ना धुनी. माधुकरी मागावी आणि येईल त्याला नाम सांगावे, एवढाच त्यांचा संसार.

गावात भिवरा नावाची विधवा दळणकांडण करून राहत असे. ओढ्याकाठच्या निर्गुडीचा पाला, मूठभर ओवा आणि जाडे मीठ कुटून ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधी, तव्यावर तापवी आणि दुखऱ्या अंगाला शेक देई. मात्र आधी ती पुरचुंडी स्वतःच्या हातावर टेकवी. आपल्याला सोसली तरच दुसऱ्याच्या अंगाला लावायची, हा तिचा नेम. चटके बसून बसून तिच्या डाव्या हातावर काळे डाग पडले होते. गावचे वैद्य त्र्यंबकशास्त्री त्या डागांना हसत. म्हणत, "स्वतःलाच भाजून घेणारी ही वैद्यीण!"

एकदा महाराजांचा गुडघा सुजला. शास्त्रीबुवा चांदीच्या डबीत लेप घेऊन आले. महाराज म्हणाले, "ठेवा तिथे," आणि चारचौघांसमोर त्यांनी पाय भिवरेपुढे केला! झाले. शास्त्रीबुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी गड्याकरवी भिवरेच्या चुलीत घागरभर पाणी ओतवले आणि गावाला दम भरला, "जो तिला विस्तव देईल, त्याने माझ्या दारी औषधाला यायचे नाही."

काड्यापेटी तेव्हा गावात आली नव्हती. चूल विझली की शेजारून निखारा आणायचा, हीच रीत. भिवरा खापर घेऊन घरोघर फिरली; एकाही घराने निखारा दिला नाही. भिजवलेले हरभरे खाऊन तिने पाच दिवस काढले, पण शास्त्रीबुवांचे पाय धरायला काही गेली नाही. का जावे तिने?

इकडे शास्त्रीबुवांच्या आईची, माईंची, कंबर धरली. तीन दिवस मात्रा चाटवून झाल्या, पण म्हातारीला कूस वळवता येईना. शेवटी त्या ओरडल्या, "त्र्यंबका, पुरे झाली तुझी मात्रा! भिवरेला बोलाव."

"येऊ दे की," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण या घरातला विस्तव तिला मिळणार नाही. महाराजांची कृपा आहे ना? त्या कृपेवरच तापव म्हणावे!"

केवढा हा हट्ट! सख्खी आई कण्हते आहे, आणि हा म्हणतो विस्तव नाही!

निरोप ऐकून भिवरा देवळात गेली. "म्हाराज, पाला हाय, फडकं हाय. इस्तू न्हाई. माई तळमळत्यात. मी काय करू?"

महाराज म्हणाले, "जा. नेहमी करतेस तसेच कर. एकही गोष्ट चुकवू नकोस."

भिवरा वाड्यात शिरली, तेव्हा ओसरीवर बघ्यांची गर्दी जमली होती. तिने पाला कुटला, पुरचुंडी बांधली आणि गार तव्यावर ठेवून फिरवू लागली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"तापला का गं तवा?" शास्त्रीबुवांनी विचारले.

भिवरेने मान वर केली. "इस्तू तुमचा, शास्त्रीबुवा. तुमी खुशाल राखा. पाला वड्याचा हाय आन् हात माझं हायती. त्ये कसं इझवाल?"

एवढे बोलून तिने नेमाप्रमाणे पुरचुंडी हातावर टेकवली, आणि "आई गं!" करून हात झटकला. हातावर लालभडक चट्टा उठला होता! पुरचुंडीतून वाफ निघाली, निर्गुडीचा उग्र वास घरभर पसरला.

"फडक्यात निखारा लपवलाय!" असे म्हणत शास्त्रीबुवांनी पुरचुंडी हिसकावून सोडली. आत नुसता पाला, आणि तोही थंडगार. भिवरेने तो पुन्हा बांधून हाती घेतला, तर पुन्हा कढत! पुरचुंडी सोसवेल इतकी निवेपर्यंत तिने वाट पाहिली आणि माईंची कंबर शेकू लागली. दुपारी माई भिंतीला टेकून बसल्या. पहिले वाक्य बोलल्या ते लेकाला, "आता तरी तिची चूल पेटव मेल्या."

शास्त्रीबुवा तसेच देवळात गेले. "महाराज, माझ्या हातात तो पाला गार का पडला?"

"तुमची विद्या खोटी नाही," महाराज म्हणाले. "पण दुसऱ्याला देण्याआधी तिने रोज स्वतः चटका सोसला. तुम्ही कधी सोसलात?"

शास्त्रीबुवा पाया पडायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नको. तिची चूल गार आहे. आणि गड्याला धाडू नका."

त्या दिवशी सगळ्या बोरखिंडीने पाहिले: त्र्यंबकशास्त्री भर रस्त्याने खापरात निखारे घेऊन चालले होते. खापर तापले, बोटे पोळली, पण त्यांनी ते खाली ठेवले नाही. भिवरेच्या झोपडीत जाऊन त्यांनी निखारे चुलीत घातले आणि फुंकर मारायला ते गुडघ्यांवर बसले. लाकडे ओली होती. वाकता वाकता त्यांचे कपाळ शेणाने सारवलेल्या जमिनीला टेकले.

भिवरा समोरच उभी होती. ती म्हणाली, "आजून जरा खाली वाका, शास्त्रीबुवा. मग धरंल जाळ."

ते वाकले, आणि चूल पेटली.