भंतेंनी न म्हटलेलं वाक्य

"खोटं? भंते, यात खोटं काय आहे?"

रत्नपाल मेश्रामचा आवाज असा काही चढला की युनिटमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. आपण कोणापुढं ओरडतोय हे ध्यानात आल्यावर तो वरमला आणि भंतेंच्या पुढ्यात मातीतच बसला.

लोणारच्या काठावर उन्हं कलायला लागली होती. खाली ते प्रचंड विवर. कधीकाळी आभाळातून एक दगड आला आणि धरतीला एवढा मोठा खळगा पाडून गेला. आता त्यात हिरवं पाणी आहे, भोवती रान आहे, रानात मोर आहेत. माणूस कितीही बडबड्या असो, इथं येऊन खाली डोकावला की छातीत धस्स होतं. रत्नपालनं ही जागा निवडली होती ती त्यासाठीच. पण सकाळपासून त्याला खाली बघायला फुरसत कुठे होती? सिनेमाचं शेवटचं दृश्य आज संपवायचं होतं. परवानगी आजच्यापुरतीच होती.

सिनेमा असा. एक शास्त्रज्ञ बाई पृथ्वीवर कोसळणारे दगड वरच्या वर परतवणारं यंत्र बनवते. गावंच्या गावं वाचतात. लोक यंत्राला हार घालतात. यंत्र बाईच्या मनातलं ओळखून बोलायला लागतं, बाईही हळूहळू त्याच्यापुढं हात जोडायला लागते. आणि एक दिवस यंत्राच्या लक्षात येतं, चंद्र हासुद्धा एक दगडच की...

पुढचं सांगायला नको. शेवटी उरते राख, आणि विवराच्या काठावर बसलेला एक म्हातारा भिक्खू. तो कॅमेऱ्यात बघून एकच वाक्य म्हणतो.

"माणसा, आभाळाला हात लावू नकोस."

या वाक्यापायी रत्नपालनं नोकरी सोडली होती, घरच्यांची बोलणी खाल्ली होती. आणि भिक्खू म्हणून त्याला नट नको होता. त्याला भंते शीलरक्षितच हवे होते. लहानपणी विहाराच्या गच्चीवर बसवून ज्यांनी त्याला मंगळ दाखवला होता, ते.

भंते आले. सांगितलं तिथं बसले. आणि कॅमेरा सुरू झाल्यावर शांतपणे म्हणाले, "हे मला म्हणता येणार नाही, बाबू. खोटं आहे."

झालं! ऐन शेवटाला घोडं अडलं.

"सांगा ना, भंते. काय खोटं आहे?"

"तुझ्या सिनेमातल्या बाईनं पहिला दगड परतवला, तेव्हा आभाळाला हात लावला की नाही?"

"लावला."

"गाव वाचलं?"

"वाचलं."

"मग त्या गावातल्या लेकरांना मी काय सांगू? हात लावायला नको होता?"

रत्नपालला आणखीच राग आला.

"भंते, लोकांना साधं, ठणठणीत वाक्य लागतं. माणसाचा माज उतरवायचाय मला!"

"कोणत्या माणसाचा?"

"सगळ्यांचा."

"बापरे," भंते म्हणाले. "सगळ्यांचा!"

कॉम्प्युटरचं काम बघणारी तहसीन खुदकन हसली आणि लगेच लॅपटॉपमागं लपली.

सावल्या लांबत चालल्या होत्या. रत्नपालनं एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा भंतेंकडं. मग त्यानं ते बोलून टाकलं.

"रागावू नका, भंते. तुम्ही नाही म्हणालात, तरी ते वाक्य होईल."

"कसं?"

"तुमची इतक्या वर्षांची प्रवचनं आहेत माझ्याकडं. आवाज आहे, चेहरा आहे. कॉम्प्युटर ते तुमच्याच तोंडून वदवेल. कोणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

बोलला खरा, पण त्याची नजर खाली वळली. आपल्या गुरूला आपण हे काय ऐकवतोय! पण आता शब्द तोंडातून गेले होते.

भंते रागावले नाहीत. त्यांचे डोळे मात्र विस्फारले.

"म्हणजे मी न म्हणता मी म्हणेन?"

"हो."

"मी मेल्यावरसुद्धा?"

"...हो, भंते."

"वा! दाखव बरं."

दाखवायला वेळ लागला नाही. कारण, खरं सांगायचं तर, रत्नपालनं ते आधीच करवून ठेवलं होतं. वेळ आलीच तर असावं म्हणून. तहसीननं खाली मान घालून लॅपटॉप एका शिळेवर ठेवला.

पडद्यावर काठ दिसला. राख दिसली. आणि राखेत बसलेले भंते.

"माणसा, आभाळाला हात लावू नकोस."

तोच घोगरा आवाज. 'माणसा' म्हटल्यावर घेतलेला तोच छोटासा श्वास. डाव्या डोळ्याची किंचित पडलेली तीच पापणी. चहा घेऊन आलेला माणूस ट्रे हातात धरून जागच्या जागी थिजला. रत्नपालनं हे आधी कितीदा तरी पाहिलं होतं, पण शेजारी खरे भंते बसलेले असताना पाहिलं आणि अंगावर सरसरून काटा आला. कोणाकडं बघावं तेच त्याला कळेना.

"अद्भुत आहे रे," भंते पुटपुटले. ते थट्टा करत नव्हते. खरंच भारावले होते. "माणूस कुठवर आला... बरं, आता याला म्हणायला लाव, आभाळाला हात लाव म्हणून."

रत्नपालनं तहसीनकडं पाहिलं. तिनं काहीतरी टाइप केलं.

"माणसा," पडद्यावरचे भंते म्हणाले, "आभाळाला हात लाव."

तीच करुणा. तेच ओलसर डोळे. तसूभर फरक नाही.



"साधु, साधु, साधु," भंते दाद देत म्हणाले. मग उठले. अंगावरचं चीवर सावरलं, लॅपटॉपसमोर गुडघे टेकले, आणि काय चाललंय हे कोणाला उमगायच्या आत कपाळ मातीला लावून त्यांनी पंचांग प्रणाम केला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

भिक्खू यंत्राला वंदन करतोय! रत्नपाल धावला.

"भंते, भंते! हे काय करताय?"

"माझ्यापेक्षा बरा आहे हा," भंते तसेच गुडघ्यांवर बसून म्हणाले. "मी नाही म्हणतो. हा कधी नाही म्हणत नाही. मी आज आहे, उद्या नाही. याला मरण नाही. ये, तूही कर वंदन. आजपासून हेच तुझे भंते."

"असं नका ना बोलू..."

"ये म्हणतो ना."

रत्नपाल पुढं झाला. हात जोडले. या चेहऱ्यापुढं तो आयुष्यभर वाकत आला होता. परीक्षेला जाताना वाकला होता, वडील गेले तेव्हा वाकला होता, या सिनेमाचं शूटिंग सुरू झालं त्या सकाळीसुद्धा वाकला होता. पडद्यावरून तोच चेहरा आता त्याच्याकडं मायेनं बघत होता. नुसते गुडघे तर टेकायचे होते.

ते टेकेनात.

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पाय जमिनीत रोवल्यागत ताठच राहिले. सगळं युनिट बघत होतं, आणि त्याला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"का रे?"

"होत नाही, भंते."

"विहारातल्या मूर्तीपुढं तर वाकतोस. तीही माणसाच्याच हातची आहे."

रत्नपालनं इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं.

"मूर्ती माझ्या मनासारखं बोलत नाही, भंते. तुम्हीही बोलत नाही. हा बोलतो! मी सांगेन ते बोलतो, मी सांगेन त्याच्या उलटंही बोलतो." त्यानं पडद्याकडं बोट केलं. "जो माझंच ऐकतो, त्याच्यापुढं मी डोकं कसं टेकवू?"



भंते उठले, गुडघ्यांची माती झटकली, आणि काठावरच्या आपल्या जागेवर जाऊन बसले. ऊन अजून थोडं शिल्लक होतं.

"हे तुझं आत्ताचं वाक्य मला म्हणता येईल, बाबू. लाव कॅमेरा."