पाचवा अर्थ

“पाचवा अर्थ कुठं गेला?” विरूपगिरी बुवांनी विचारलं.

प्राध्यापक नाडगौडांच्या तोंडचं पाणी पळालं.

आले होते मात्र छाती पुढं काढून. बावीस वर्षं खपून केलेला इंग्रजी-मराठी कोश छापून झाला होता, पहिली प्रत मठात देवापुढं ठेवायची होती. बुवांकडे शिष्यांनीच यायचं. तीस वर्षांच्या व्रतात बुवांनी मठाची पायरी म्हणून उतरली नव्हती.

ठेवायच्या आधी जरा मिरवावं म्हणून नाडगौडा म्हणाले, कुठल्याही शब्दावर बोट ठेवा, सगळे अर्थ तोंडपाठ सांगतो, मुळासकट. बुवांनी डोळे मिटून बोट ठेवलं. शब्द निघाला mole, उच्चार ‘मोल’. हा तर आपलाच की, म्हणून बुवा हसलेसुद्धा.

नाडगौडांनी धडाधड सांगितलं. जमीन पोखरणारा प्राणी. त्याचं जुनं नाव ‘माती उडवणारा’ अशा अर्थाचं. त्याच्यावरूनच, शत्रूच्या गोटात शिरून बसलेला हेर. मग बंदरातला दगडी बांध, लॅटिनमधल्या ढिगाऱ्यापासून आलेला. आणि रसायनशास्त्रातलं माप, तेही त्याच ढिगाऱ्यातलं.

बुवांची चार बोटं मिटली. अंगठा ताठच राहिला.

“चारच आहेत,” नाडगौडा म्हणाले.

“छापलेत पाच. तूच छापलेस.”

बुवा आता पानाकडे बघत नव्हते. नाडगौडांच्या सदऱ्याकडे बघत होते.

या मठाची रीत अशी, की गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगानं जायचं. नाडगौडा वर्षानुवर्षं जायचे. यंदा संक्रांतीपासून मात्र उंबऱ्यावरूनच हात जोडत. कुणी विचारलंच, तर पडसं झालंय म्हणत.

“काढ सदरा.”

नाडगौडांनी एकेक बटण काढलं. पाठीवर, उजव्या खांद्याखाली, काळा तीळ. कडा वेड्यावाकड्या, मध्ये सुकलेलं रक्त. आरशात रोज बघायचे आणि रोज उद्यावर ढकलायचे. डॉक्टरांनी त्या रोगाचं नाव घेतलं तर, या भीतीनं.

“तीळ,” ते कसेबसे म्हणाले. “मूळ अर्थ… डाग.”

“आणि ह्याचं मूळ कुठवर गेलंय?”

नाडगौडांना रडूच फुटलं. ठाऊक नाही, म्हणाले. बावीस वर्षांत हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

बुवांनी कोश परत त्यांच्या हातात दिला. अर्धा सांगितलेला ग्रंथ देवापुढं ठेवत नाहीत, म्हणाले. मिरजेची गाडी अकराला आहे. डॉक्टरांना पाठ दाखव, पाचवा अर्थ नीट समजून घे, आणि इथं येऊन सांग.

“आणि मी परत आलोच नाही तर?”

बुवांनी सदरा उचलून त्यांच्या अंगात घातला. एकेक बटण लावलं. मग मठाच्या पायरीकडे बघितलं.

“तर मी येईन ऐकायला.”