पहिलं दूध शेवटी

खाडीकाठच्या एका पेठेत एकदा एक वृद्ध मसालेवाले होते. दालचिनीची साल नुसत्या वासावरून ओळखणारे पुष्कळ असतात. हे समोरचा माणूसही तसाच ओळखत. पेठ त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्याकडे मसाल्याचा व्यवसाय शिकायला इंदू नावाची एक स्त्री येत असे. माहेर घाटावरचं, सासर खाडीकाठचं, नवरा बोटीवर नोकरीला. शिष्या गुणी होती. फक्त मनात आलेलं तिच्या ओठांवर यायला वेळ लागत नसे.

एके दुपारी ती झाकलेलं पातेलं घेऊन आली. डोळे लाल.

"अण्णा, पुन्हा नासलं बघा."

अण्णांनी झाकण काढलं. तपकिरी पाण्यात पांढरे कण तरंगत होते आणि वर तेलाचा तवंग.

"काय करायला गेली होतीस?"

"कोको. नारळाच्या दुधातला. बाबांना डॉक्टरांनी दूध बंद केलंय. जन्मभर म्हशींत वावरलेला माणूस तो. दुधाविना चहा पुढे केला, तर म्हणाले, मला काय ताप आलाय म्हणून काढा पाजतेस? मग म्हटलं, दालचिनी, सुंठ घालून हे गरम गरम द्यावं. तर म्हणतात, नारळ कधी व्याला गं, त्याचं दूध काढायला?"

अण्णा हसले. "प्रश्न रास्त आहे."

"हसू नका. उद्या सकाळच्या गाडीने गावी निघालेत ते. तिथे म्हशी विकल्या, गोठा ओस, घरात दुसरं माणूस नाही. मागे तापाने पडून होते, शेजाऱ्यालासुद्धा पत्ता नव्हता, म्हणून तर त्यांना माझ्याकडे आणलं. काल त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्यात मी म्हणाले, बाबा, तुम्ही गेलात की मला हे घर खायला उठेल." तिने झाकण पुन्हा पातेल्यावर ठेवलं. "तर म्हणाले, वाद हरायला लागलीस की तुला माया सुचते."

अण्णांनी तिचं सांत्वन केलं नाही. त्यांनी विचारलं, "दूध कसं तापवलंस?"

"दूध तापवतात तसंच. चांगला ऊत येईपर्यंत."

"हं. नारळ घे. खव."

मागच्या खोलीत अण्णांची छोटी शेगडी होती. इंदूने नारळ खवला, कोमट पाणी घालून वाटला आणि फडक्यातून पिळला. वाटीभर दाट, पांढरंशुभ्र दूध निघालं. ती ते पातेल्यात ओतणार, तोच अण्णांनी वाटी तिच्या हातातून काढून घेतली, वर ताटली ठेवली आणि वाटी फळीवर ठेवून दिली.

"चोथ्यात पुन्हा पाणी घाल. पुन्हा पीळ."

या खेपेला निघालं ते पाणचट. इंदूला नवल वाटलं. आपण वडिलांसाठी करतोय आणि या माणसाने ऐन सत्त्व फळीवर ठेवून दिलं! अण्णांनी त्या पातळ दुधातलं थोडं घेऊन त्यात कोको कालवला, गुठळी राहू दिली नाही. मग उरलेलं दूध, गूळ, दालचिनीचा तुकडा, सुंठ, चवीला मिठाची कणी. पातेलं खदखदू लागलं. अण्णा निवांत ढवळत राहिले. दालचिनीचा अर्क पुरता उतरला, तेव्हा त्यांनी शेगडी बंद केली, उकळी बसू दिली, मग फळीवरची वाटी काढली आणि ते दाट दूध धार धरून आत सोडलं. वर थोडं जायफळ किसलं.

एक कणही फुटला नाही.

"बाय," अण्णा म्हणाले, "म्हशीचं दूध आगीवर फुगतं, साय धरतं. नारळाचं पहिलं दूध आगीवर फुटतं. म्हणून आगीचा मार दुसऱ्या दुधाने सोसायचा. पहिलं घालायचं ते आच गेल्यावर. काल तू वडिलांना जे म्हणालीस ते खोटं नव्हतं. ते तुझं पहिलं दूध होतं. तू ते उकळत्यात ओतलंस."

इंदूने मान खाली घातली. "मग काल मी काय बोलायला हवं होतं?"

"पातळ बोलायचं. गाडी कितीची, डब्यात काय देऊ. दुकानात गिऱ्हाईक तापलेलं आलं, तर मी त्याला उत्तम माल दाखवतच नाही. रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलतो, त्याची कुरकुर ऐकतो. तो निवला की मग डबा उघडतो."

"आणि त्यांनी नाहीच ऐकलं तर?"

"तर जातील. पण फुटलेलं पिऊन जाणार नाहीत."

संध्याकाळी वडील पिशवी बांधत बसले होते. इंदूने नव्याने नारळ खवून, कोको कालवलेलं पातळ दूध गॅसवर ठेवलं.

"गाडी साडेसहाची ना, बाबा?"

"हो. अडवू नकोस."

"नाही अडवत. डब्यात काय देऊ?"

भांडणाची तयारी करून बसलेला माणूस अशा प्रश्नाने गडबडतो. ते थोडा वेळ दोरीशी झटत राहिले. मग बोलू लागले. इथली हवा दमट, पाणी मचूळ, भाताने पोट भरत नाही. इंदू ढवळत होती. प्रत्येकाला उत्तर होतं तिच्याकडे. तिने एकही दिलं नाही. शेवटी ते हळूच म्हणाले, "पहाटे जाग येते गं. उठून कुणाला वैरण घालू? दिवसभर खुर्चीत बसून तुझी वाट बघायची. कामच नाही मला इथं."

हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. भांडणात ते सांगायला सवडच मिळाली नव्हती.

इंदूने गॅस बंद केला. दाट दूध आत सोडलं, कप भरून त्यांच्या हातात दिला आणि जवळ बसली.

"बाबा, तुम्ही त्या खुर्चीत असता ना, तेव्हा बाहेरून येताना माझी पावलं भरभर पडतात."

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. फुंकर घालून एक घोट घेतला. मग आणखी एक. निम्मा कप संपल्यावर त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली.

"बोटाला काय झालं?"

"खवणी लागली. अजून जमत नाही मला."

"जोर लावतेस. मनगट सैल ठेवायचं असतं, धार काढताना ठेवतात तसं." त्यांनी तिचं बोट उजेडात धरून पाहिलं. "राहू दे. सकाळी मी खवतो."

'म्हणजे जात नाही ना?' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते आत्ता विचारायचं नाही, हे तिला सांगायला अण्णांची गरज पडली नाही.