रडलेल्या राजाची खरी गोष्ट

पूर्वी सेतुपूर नगरात धर्मकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथे मुलांचे आचार्य होते. विद्या पुष्कळ, पण स्वभाव घाबरा. बोललेल्या प्रत्येक शब्दाची त्यांना मागाहून रुखरुख लागे.

त्या नगरात एक चाल होती. दर वसंतात मुलांना नदीच्या बांधावर बसवून, राजाचे आजोबा चंडसेन यांनी महापुरात फुटता बांध कसा वाचवला, ते सांगत. मग प्रत्येक मुलाने बुडी मारून तळाचा मूठभर गाळ आणायचा आणि बांधाला लावायचा. गेल्या वर्षी राजपुत्र कोरडाच परतला होता.

यंदा गोष्ट सांगण्याचे काम प्रथमच बोधिसत्त्वांकडे आले. अमात्य प्रियंकर आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "आचार्य, चंडसेन आधी पळाले होते, रडले होते, हे आपण दोघे जाणतो. शूरांच्या गोष्टीत रडे कशाला? उद्या राजपुत्र उतरला नाही, तर तुम्ही वेशीबाहेर."

सकाळी आचार्यांची पत्नी म्हणाली, "तेच उपरणे किती वेळा घडी कराल? झाले तसे सांगा नि जेवायला या."

"वेशीबाहेर घालवले तर?"

"तर भांडी बांधायला घेते."

आचार्यांना हसू आले नाही. खोटे सांगावे, तर मुलांना वाटेल की शूराला भीती वाटतच नाही. खरे सांगावे, तर एकही मूल पाण्यात उतरणार नाही. काहीही केले तरी आपलेच चुकणार, असे त्यांना वाटत होते.

बांधावर राजाही येऊन बसला होता. आचार्यांनी उपरण्याची पुन्हा एकदा घडी केली. मग ते म्हणाले, "पाणी चढले, तेव्हा चंडसेन पळाले. घरी जाऊन रडले."

अमात्य मोठ्याने खाकरले.

"राजे रडतात?" कुंभाराच्या रेवाने विचारले.

"हे रडले, बाळ. नाकसुद्धा गळत होते, असे माझे वडील सांगत."

मुले खदखदून हसली. राजा उठून उभा राहिला. आचार्यांचे गुडघे लटपटू लागले, पण गोष्ट अर्धी सोडवेना.

"मग ते तसेच परत आले. भीती गेली नव्हती. कमरेला दोर बांधून घेतला, माझ्या वडिलांच्या हाती दिला. म्हणाले, 'मला सोडू नकोस.' आणि उतरले."

कोणी हसले नाही.

"हे मला लहानपणी कोणी का सांगितले नाही?" राजा हळूच म्हणाला. "या कुळात भिणारा मी एकटाच, असे समजत आलो."

राजपुत्राने मान वर केली. "बाबा, तुम्हीसुद्धा?"

राजाने पादुका काढल्या आणि हात पुढे केला. दोघे पायऱ्या उतरले. बऱ्याच वेळाने राजपुत्र ठसकत वर आला. त्याच्या मुठीतून गाळ ओघळत होता.

आपल्या पूर्वजन्माची ही गोष्ट सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. तो राजपुत्र म्हणजे अंधाराला भिऊन काल माझ्या कुटीबाहेर बसून राहिलेला हा श्रामणेर, आपला लहानगा नवशिका भिक्षू. आणि लटपटत्या गुडघ्यांचा तो आचार्य मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्य न सोडण्याचे व्रत, पाळली."