पडण्याचा आवाज

"...आणि तो पडतो कसा?" तात्यांनी विचारलं.

"कसा म्हणजे? पाय घसरतो, पडतो," अच्युत म्हणाला.

तात्या पुढचं ऐकायला थांबले. पण पुढे काही नव्हतंच.

मूकपटांच्या अगदी सुरुवातीला लोकांना हसवणारी चित्रं काढणाऱ्यांत तात्या इंगवले एक. नाटक कंपनीचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमात शिरले. पौराणिक चित्रपटाआधी दाखवायला सिनेमा कंपनी त्यांच्याकडून लहान लहान विनोदी तुकडे करून घ्यायची. पुढे पुढे लोक त्या तुकड्यांसाठीच येऊ लागले.

तेव्हा सगळं काम उन्हात चाले. नटाच्या तोंडावर उजेड पाडायला चंदेरी पत्रे लावलेले असत. त्या पत्र्यांची तिरीप झेलत तात्या वर्षानुवर्षं कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले, आणि त्यातच त्यांचे डोळे गेले. आता ते कोल्हापुरात घराच्या अंगणात बाजेवर बसून असत.

अच्युत हुद्दार त्यांचा शेवटचा शिष्य. बी. ए. झालेला, कडक इस्त्रीचा कोट घालणारा. त्याचं पहिलं चित्र आदल्या दिवशी कंपनीतल्याच माणसांना, त्यांच्या बायकापोरांना दाखवलं गेलं. शेवटपर्यंत एक माणूस हसला नाही.

मालकांनी सांगून टाकलं होतं, की पडण्याचा प्रसंग आज पुन्हा घे. तो जमला नाही तर चित्र डब्यात आणि तू घरी. तिकडे कंपनीत सगळे तयार होऊन बसले होते. ऊन मात्र कुणासाठी थांबणार नव्हतं.

"लोकांना समजच नाही, तात्या. मी त्यांना इतकं चांगलं द्यायला बसलोय..."

"चित्र घेताना कोण हसलं?"

"कोणीच नाही. मी बंदीच घातली होती. कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारा हसला की त्याचा हात हलतो, चित्र बिघडतं."

"बरोबर आहे. बिघडतं," तात्या म्हणाले. "माझी सगळी बिघडलेलीच आहेत."

अच्युतला राग आला, पण तो त्याने दुसरीकडे काढला. तात्यांचे डोळे कंपनीपायी गेले, आणि त्याच कंपनीने जाहिरातीवरून त्यांचं नाव काढून टाकलं. हे त्याला कधीच सहन झालं नव्हतं. ते सगळं त्याने आज बोलून दाखवलं. एवढं करून तुम्हाला काय मिळालं, असंही विचारलं.



"दिवसभर राबून आलेली माणसं, अंधारात बसून माझ्यासाठी हसली," तात्या म्हणाले. "त्यांना हसायची कुणी सक्ती केली होती का रे?"

अच्युतला वाटलं, म्हातारा विषय टाळतोय. हसू येण्याचं एखादं सूत्र असणार, आणि ते तो आपल्याला सांगत नाहीये. त्याने सरळ तेच मागितलं.

"बरं," तात्या म्हणाले, "मला दिसत नाही. तुझा माणूस पडतो कसा ते ऐकव."

"ऐकवू?"

"पडून दाखव. मी ऐकतो."

अच्युतने इकडेतिकडे पाहिलं. पलीकडे विहिरीपाशी अक्का, तात्यांची बायको, अंगण सारवायला घमेल्यात शेण कालवत होती. कोपऱ्यात कोंड्याचं पोतं होतं. अच्युतने ते उचललं आणि धप्पकन खाली टाकलं.

"पोतं पडलं," तात्या म्हणाले. "माणूस पाड."

मग अच्युतने रुमाल अंथरला, कोट सावरला, आणि एक गुडघा टेकत तो हळूच आडवा झाला.

"हा झोपला," तात्या म्हणाले.

अक्काने तोंडाला पदर लावला.

ते अच्युतने पाहिलं, आणि त्याचा तोल गेला. मी इथे आयुष्याचा प्रश्न घेऊन आलो आणि तुम्ही माझी थट्टा करता, असं काहीबाही बोलत तो उठला. तुमचा काळ गेला, हेही म्हणाला. मग तरातरा निघाला. रागात त्याचं खाली लक्षच नव्हतं. विहिरीच्या ओल्या दगडावर पाय पडला, दोन्ही हात वर गेले, तोंडातलं वाक्य अर्ध्यावर तुटलं, आणि कोटासकट तो शेणाच्या घमेल्यात बसला.



"अगं बाई, माझं सारवण..." अक्का म्हणाली. पुढे तिला बोलवेना. हसून हसून ती खालीच बसली. कुंपणापलीकडे गवत कापणारी बाई विळा टाकून हसायला लागली.

अच्युत घमेल्यात तसाच बसून होता. कॉलरपर्यंत शेण उडालं होतं. या दोघींचं हसू त्याने नीट ऐकलं. त्यात कुठे डंख नव्हता. सकाळपासून कामाला जुंपलेल्या दोन बायका त्याच्यामुळे घटकाभर मोकळ्या झाल्या होत्या. काल साऱ्या चित्रभर ज्याची त्याने वाट पाहिली होती, ते हेच होतं.

मग त्याच्याही पोटातून हसू आलं. डोळ्यांतून पाणी येईतो तो हसला. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

तात्या बाजेवरून उठले. जिथून पडण्याचा आवाज आला होता, तिकडे तोंड करून त्यांनी दोन्ही हात जोडले.

शेणाचे हात मागे धरून अच्युत पुढे आला आणि त्याने त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. मघाशी भलतंच बोललो, म्हणाला. तात्यांनी नुसती मान हलवली.

अक्काने विहिरीतून बादली काढून ठेवली. अच्युत कोट धुवायला वाकला.

"थांब," तात्या म्हणाले. "धुऊ नकोस. ऊन आहे तोवर असाच कंपनीत जा, त्यांनाही हसू दे."